चोवीस पालट आणि पोनिकीचे दांडे

माझ्या बायकोला तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या आमच्या तलमडुगूत सगळे ‘पेटीवाली बाई’ म्हणत. ती वाजवायची तो पियानो होता, पण हा फरक समजावून सांगण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. मी पडायचो. मी नोकरीला होतो त्या मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्या तहसिलीत, चहा आला की मी सुरू व्हायचो. पेटीत हवा असते, पियानोत तारा असतात, प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते, पट्टी दाबली की ती तारेवर आपटते. सगळे नीट ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “म्हंजे पेटीच की, उद्धवराव.” गाढवापुढे वाचली गीता. मी चहा पिऊन परत फायलींत डोकं घालायचो.

तिचं नाव चंद्रभागा. तिची आई बयनाबाई गावाबाहेरच्या मिशन दवाखान्यात स्वयंपाकाला होती. आमच्या बौद्ध वस्तीत तेव्हा बहुतेक बाया दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात, त्यामुळे सावलीतलं काम म्हणजे मोठीच गोष्ट. दवाखान्याच्या डॉक्टरीण जर्मन होत्या. त्यांना सगळे एल्सामिस म्हणत. तीस वर्षं राहून त्या आमच्यासारखंच बोलायला लागल्या होत्या, फक्त आमची अक्षरं वाचायला शिकल्या नव्हत्या. प्रार्थनेच्या हॉलात त्यांचा पियानो होता. सात वर्षांची चंद्रभागा आईबरोबर भांडी घासायला जायची आणि हॉलाच्या दाराशी उभी राहून ऐकायची. एल्सामिसनी एक दिवस तिचे राखेचे हात धुऊन तिला बाकावर बसवलं.

पहिलं वर्षभर त्यांनी तिला फक्त बोट उचलायला शिकवलं. “टाकाले तं कोनालेबी येते,” त्या म्हणायच्या, “उचलाले शिक.” सूर कधी सोडायचा हे ज्याला कळलं त्याला वाजवता येतं, असं त्यांचं म्हणणं. चंद्रभागा हे मला लग्नानंतर सांगायची तेव्हा मला वाटायचं, काय ही थेरं.

मी मूळचा बाजारहत्नूरचा. १९७९ मध्ये तिला बघायला गेलो तेव्हा माझ्या आईनं विचारलं, “काय काय येते पोरीले?” ती म्हणाली, “भाकर येते, शिवन येते, पियानो येते.” आई परतीच्या वाटेवर म्हणाली की पोरगी चांगली आहे, पण पियानो कशाचा करतात ते विचारायचं राहिलं.

आता त्या चोवीस पालटांबद्दल सांगतो, कारण तिच्या आयुष्याचं सगळं गाडं तिथंच अडलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुण्या जर्मन उस्तादाची ती रचना. सुरुवातीला एक संथ चाल. मग त्याच चालीचा खालचा खर्ज धरून, वरचं सगळं बदलत, चोवीस वेळा ती पुन्हा मांडायची. चंद्रभागा आणि एल्सामिस त्यांना पालट म्हणत. कुठं दोन सूर एकमेकांचा पाठलाग करतात, कुठं नुसती घोडदौड, एक पालट तर इतका रडवेला की ऐकताना मला माझी गेलेली बहीण आठवायची. आणि सगळं झालं की शेवटी पहिलीच चाल, जशीच्या तशी, पुन्हा. सगळ्या पुनरावृत्त्या धरून सव्वा तास.

मी एकदा म्हणालो, “फिरून तिथंच याचं, तं एवढा खटाटोप काऊन?”

“तुमी दर बुधवारी बाजारात जाऊन वांगेच आनता,” ती म्हणाली. “तं जाता काऊन?”

अडचण अशी की त्या उस्तादाच्या काळी पियानो रूढ झालेला नव्हता. त्यानं हे लिहिलं होतं एका जुन्या वाद्यासाठी. त्यात हातोड्या नसायच्या, पिसाचं टोक तारेला छेडायचं. आणि पट्ट्यांच्या ओळी दोन असायच्या, एकीवर एक, पायरीसारख्या. उजवा हात वरच्या ओळीवर, डावा खालच्या ओळीवर, दोघं एकमेकांवरून खुशाल जात. पियानोला ओळ एकच. त्यामुळे कितीतरी पालटांत दोन्ही हात एकाच जागी येऊन भिडतात. कुणी वरून जायचं, कुणी खालून, कुणी कोणत्या क्षणी बोट उचलून जागा मोकळी करायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. त्यातही एकच सूर दोन्ही हातांना लागोपाठ हवा असला की एकाच हातोडीनं दोघांचं काम करायचं.

हे बसवायला तिनं मला धरलं होतं. जेवणं झाली की मी पाटावर दोन्ही पंजे ठेवून बसायचो, आणि ती आपले हात माझ्या हातांखालून, वरून, बोटांच्या फटींतून नेऊन बघायची. “हात हालवू नका, तुमी डावा हात हाय,” असं दटावायची. माझ्या मुली हसायच्या. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या हाताचं वजन मला माझ्या हातावर ठाऊक होतं. ते पिठाच्या चिमटीएवढंही नव्हतं.

१९८३ मध्ये एल्सामिसच्या राहण्याच्या परवानगीची मुदत वाढली नाही. तीस वर्षं या भागातली बाळंतपणं केलेल्या बाईला महिनाभरात सामान आवरायला सांगितलं. चंद्रभागा तेव्हा अकराव्या पालटापर्यंत आली होती. निघताना एल्सामिस तिला म्हणाल्या, “पुरं झालं की कळव. मी येईन. पुरं ऐकाले येईन, आदीपासून शेवटवर.” आणि नोटांचं, म्हणजे स्वरलिपीचं, पुस्तक तिच्या पदरात टाकून जीपमध्ये बसल्या.

त्यानंतर दहा वर्षं. तिची प्राथमिक शाळेची नोकरी, शाळेतलं तेलुगू, घरातल्या भाकरी, दोन मुली, आणि दर आठवड्याला दोन-तीन वेळा हॉल. दवाखाना आता स्थानिक समितीकडे होता आणि समितीचे अध्यक्ष होते दवाखान्याचे जुने कंपाउंडर डोमाजी. हॉलाची किल्ली हवी तर रविवारी प्रार्थनेला वाजवायचं, असा त्यांचा सौदा. बौद्ध बाई ख्रिस्ताची गाणी वाजवते म्हणून विहारात लोक कुरकुरले. ती म्हणाली, “मी नुसती वाजवतो, गात नाई.”

शिकवणारं कुणी नव्हतं. काही अडलं की ती एल्सामिसला इंग्रजीत पत्र लिहायची आणि उत्तर दीड महिन्यानं यायचं. एकदा तिनं विचारलं होतं की त्या जुन्या वाद्यावर सूर लहान-मोठा करता यायचा नाही, मग मी पियानोवर करू का? उत्तर आलं, करता येतो तर कर, पण मिरवू नकोस, आणि पायाशी सूर लांबवणारा जो दांडा आहे त्याला पायही लावू नकोस. दुसऱ्या कुणाला हे पत्र वेडेपणाचं वाटलं असतं. चंद्रभागा ते चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होती.

१९९३ च्या उन्हाळ्यात चोविसावा पालट बसला. तिनं पत्र पाठवलं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं. एल्सामिस ऐंशीच्या झाल्या होत्या. दवाखान्याच्या वर्धापनदिनाला जानेवारीत येणार होत्या, एका दिवसासाठी. ‘दुपारी सव्वा तास माझा,’ असं त्यांनी लिहिलं होतं. चंद्रभागानं ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं आणि मग उगाच भांडी वाजवत बसली. इतक्या आनंदात मी तिला मुलींच्या जन्मालाही पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलंच.

त्या पावसाळ्यात हॉलाचं छप्पर गळत होतं म्हणून डोमाजींनी दोन महिने कुलूप ठेवलं होतं. सप्टेंबरात उघडलं तर पियानोत उंदरांनी घर केलेलं. मधल्या तेवीस हातोड्यांचा नमदा, म्हणजे टोकाची दाबलेल्या लोकरीची गादी, कुरतडून नेलेला, आणि त्यांच्या लाकडी दांड्यांना कीड लागून आतून पीठ झालेलं. हैदराबादहून सूर लावणारा मिस्त्री आला. त्यानं तारा लावल्या, मान हलवली, आणि म्हणाला की हातोड्या कलकत्त्याहून मागवाव्या लागतील, मार्चआधी मिळणार नाहीत. एल्सामिस जानेवारीत येणार होत्या.

चंद्रभागा पियानोसमोर बसून मधल्या पट्ट्या एकेक दाबत होती. प्रत्येक वेळी नुसता लाकडाचा आवाज. मला ते पाहवेना. मी म्हणालो, “तू चिंता करू नको. मी पाह्यतो.”

आमच्या जिल्ह्यात लाकडाचं कुठलंही काम अडलं की माणूस निर्मलला जातो. देवाऱ्याचा खांब असो, पाळण्याचा मोर असो, निर्मलच्या माणसाचा हात लागला की झालं, अशी सगळ्यांची खात्री. माझीही होती. तेवीस हातोड्या काढून, कागदावर नंबर टाकून, पिशवीत भरून मी निर्मलला खेळणी बनवणाऱ्या राजन्नाकडे गेलो. समितीचा ठराव होता की समितीनं बोलावलेल्या माणसाखेरीज मिशनच्या वस्तूला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही. म्हणून डोमाजींना मी सांगितलं की काम हैदराबादच्या मिस्त्रीकडूनच करून घेतलं. मिस्त्री येऊन गेल्याचं त्यांनी पाहिलंच होतं, त्यांनी मान डोलावली.

राजन्नानं नमुन्याबरहुकूम तेवीस हातोड्या केल्या. काय हात त्या माणसाचा! जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर मला ओळखता येईना. वर खोगिराखालचा जाड नमदा कापून, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवला. सोनेरी वेलबुट्टी काढू का म्हणून विचारत होता, ती मी काढू दिली नाही. लाकूड विचारलं तर म्हणाला, “पोनिकी. हमारे पास दूसरा क्या होगा, साब?” निर्मलची सगळी खेळणी पोनिकीचीच. काकडीसारखं मऊ आणि हातात घेतलं तर आहे की नाही असं वाटणारं लाकूड. कोरायला त्यासारखं दुसरं नाही. ते आपटायला चालतं का, हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि मलाही नाही. हत्ती-घोड्यांना कोण आपटतं?

चंद्रभागानं एक हातोडी तळहातावर घेतली आणि खाली-वर करून तोलून पाहिली.

“लई हलकी हाय,” ती म्हणाली.

“बरंच हाय की. बोटाले त्रास नाई.”

आम्ही दोघांनी मिळून त्या बसवल्या. तिनं वाजवून पाहिलं तर मधल्या सुरांचा आवाज बारीक, टोकदार यायला लागला. ती दचकली, मग हसली. म्हणाली, एल्सामिस सांगायच्या ते जुनं वाद्य असंच वाजत असणार. माझी छाती चार इंच फुगली. तीन महिने तिनं हात आवरून सराव केला. जिथं दोन्ही हात एकाच पट्टीवर लागोपाठ येतात तिथं तर ती फुंकर घातल्यासारखी वाजवायची. त्या लाकडाचं काय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मला आता समजतं. तेव्हा मला वाटलं की बायको माझ्या कामावर खूश आहे.

जानेवारीत एल्सामिस आल्या. काठी टेकत, दोघांच्या आधारानं हॉलात शिरल्या, आणि चंद्रभागाला पाहून म्हणाल्या, “कित्ती जाडी झाली तू.” दोघी रडल्या. नारळ, शाल आणि भाषणं सकाळीच उरकली होती. दुपारी हॉलात डोमाजी, समितीचे चार लोक, शाळेतल्या दोन बाया आणि माझ्या मुली. मी पियानोशेजारी उभा. नोटा मला वाचता येत नव्हत्या, पण तिनं मान हलवली की पान उलटायचं, एवढं मला येत होतं.

मूळ चाल सुंदर गेली. पहिले आठ पालटही. आणि मग एल्सामिस मागून बोलल्या, “घाबरून काऊन वाजवून राह्यली? हात मोकळा सोड. मी एवढ्या दुरून आली.”

चंद्रभागानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि अगदी थोडं. मी समजलो की तिला धीर हवाय, म्हणून मी मान डोलावली. तिनं हात मोकळा सोडला.

शपथेवर सांगतो, पुढचे पाच पालट मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती. डोमाजीसुद्धा पुढं सरकून बसले. मग चौदाव्यात, जिथं दोन्ही हात एकमेकांत घुसतात, आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि एक सूर मुका झाला. ती थांबली नाही. पंधराव्यात दुसरा गेला. सतराव्यात दोन. तुटलेला दांडा आत पडताना खडखडायचा. काय करणार होतो मी? हात घालून धरणार होतो? मी पानं उलटत होतो. रडवेल्या पालटात तर वरची चाल अशी तुटक झाली की बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चंद्रभागा मुक्या पट्ट्यासुद्धा दाबत होती, एकही न गाळता. चेहऱ्यावरून घाम खाली पट्ट्यांवर पडत होता. चोविसावा संपला तेव्हा अकरा सूर गेले होते. मग तिनं मूळ चाल पुन्हा वाजवली, तिच्यातल्या सगळ्यात वरच्या सुराच्या जागी दर वेळी नुसतं लाकूड वाजत होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. एल्सामिस काठी टेकत पुढं आल्या.

“पियानो कोनं दुरुस्त केला?” त्यांनी विचारलं.

“हैदराबादचा मिस्त्री होता, मिस,” डोमाजी म्हणाले. “चांगला मानूस.”

“तं दांडे काऊन तुटले?” त्या चंद्रभागाकडे वळल्या. “असे तुटत नसते. तू मारून राह्यली. तुले मी मारायले शिकवलं नव्हतं.”

हॉलात सगळे माझ्या ओळखीचे. समितीचा ठराव, डोमाजींना मारलेली थाप, उद्या कार्यालयात होणारी चर्चा, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. मला एवढंच म्हणायचं होतं, मिस, लाकूड खोटं होतं, ते मी आणलं. त्यांना आमची भाषा येत होती, इंग्रजीचीही सबब नव्हती. तोंड उघडलं की नाही तेही आठवत नाही. आवाज निघाला नाही, एवढं नक्की.

चंद्रभागा म्हणाली, “हो मिस. हात जड झाला माहा. सराव कमी पडला.”

एल्सामिसनी तिच्या गालावर हात ठेवला. “असू दे,” त्या म्हणाल्या. “लगन झालं, घर आलं. बायकायचं असंच होते. मी उगाच आस लावली.” जीप बाहेर उभी होती.

त्या दिवसानंतर मी एकदा म्हणालो की पत्र लिहून खरं कळवतो. ती म्हणाली, “जाऊ द्या.” मी जाऊ दिलं. पुढच्या वर्षी कलकत्त्याहून खऱ्या हातोड्या आल्या, मिस्त्रीनं बसवल्या, चंद्रभागा रविवारची गाणी वाजवू लागली. चोवीस पालटांचं पुस्तक मात्र तिनं कपाटात ठेवलं ते ठेवलंच. पाटावर हात ठेवून बसायला मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

अख्ख्या मंडल कार्यालयाचे इंग्रजी मसुदे मी लिहायचो. लोकांच्या जमिनीच्या उताऱ्यांतल्या चुका मी दोन ओळींत दुरुस्त करून द्यायचो. हे एक पत्र लिहायला मला अडीच वर्षं लागली. कधी सुरुवात जमायची नाही, कधी शेवट. कधी वाटायचं, एवढ्या म्हाताऱ्या बाईला आता कशाला. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. १९९६ च्या जुलैत मी चार पानं लिहिली. पोनिकी, राजन्ना, थाप, सगळं. तुमच्या शिष्येचा हात जड नाही, तो किती हलका आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, असं शेवटी लिहिलं. पत्र टाकलं आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

ऑक्टोबरात उत्तर आलं. एल्सामिसच्या भाचीचं होतं, तीन ओळींचं. मावशी मे महिन्यातच गेल्या होत्या. पत्र न वाचलेलंच परत पाठवत आहे, असं लिहून तिनं माझी चार पानं सोबत घातली होती.

मी दोन्ही चंद्रभागाच्या हातात दिली. ती शाळेतून नुकतीच आली होती. दारातच उभी राहून तिनं आधी भाचीच्या ओळी वाचल्या, मग खाली बसली. माझी चार पानं तिनं सावकाश वाचली, मुलांच्या वह्या तपासते तशी. मी समोर उभा होतो.

“विसाव्या पालटात दोन सूर माहे चुकले होते,” ती शेवटी म्हणाली. “तेबी तुमी लाकडावर टाकले.”

“चंद्रभागा, उशीर झाला मले.”

तिनं पानांची घडी घातली. ती रडेल असं मला वाटलं, चिडेल असंही वाटलं. मला दोन्ही चाललं असतं.

“एवढं लिहाचं काय काम होतं?” ती म्हणाली. “तवा बोलाचं होतं. माह्या बाजूलेच तं उभे होते तुमी.”